स्वभावाला औषध नाही? मग स्वभावच कामाला लावू

शनिवारी दुपारी मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या आमच्या स्वमदत गटात नवं माणूस आलं की पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "माझा स्वभावच असला, म्हणून हे झालं." कुणी सांगतं मी फार हळवी, कुणी सांगतं मी पहिल्यापासून घुम्या. आजाराचं सगळं खापर स्वभावावर फुटतं आणि मग बरं व्हायचं म्हणजे दुसरंच कुणीतरी व्हायचं, असा समज होतो. अबोल माणूस बळेबळे बारशा-लग्नांना जायला लागतो. आयुष्यात कधी पहाटे न उठलेला पाचचा गजर लावतो. पंधरा दिवसांत दमछाक होते आणि तो म्हणतो, "बघा, मला जमतच नाही."

मीही या रांगेत उभी होते. बारा वर्षांपूर्वी, अडतिसाव्या वर्षी, पतसंस्थेत नोकरी चालू असताना मला नैराश्याने गाठलं. तीन महिने अंघोळीला जाणंसुद्धा गड चढण्यासारखं वाटायचं. स्वयंपाक सासूबाई बघायच्या, मुलाचा अभ्यास नवरा. तिसऱ्या भेटीत समुपदेशक बाईंनी मला एक आडवाच प्रश्न विचारला: "घरात दुधाचा हिशेब कोण ठेवतं?" म्हटलं, मीच. "आत्ताही?" आत्ताही. कालनिर्णयवर दूधवाल्याचे खाडे मांडायला मी तीन महिन्यांत एकदाही चुकले नव्हते. नोकरी सुटायच्या बेतात होती, केस आठवडा-आठवडा विंचरले जात नव्हते, पण दुधाचा चौकोन रिकामा राहिला नव्हता. बाई म्हणाल्या, "त्याच चौकोनात गोळी घेतली की एक टिंब द्या. बाकी या आठवड्यात काही नको." पुढच्या आठवड्यात अंघोळीची फुली आली. त्यानंतर चार-चार पावलांची फेरी.

बाईंनी मला नवीन काही शिकवलं नाही. माझा काटेकोर, किटकिटा स्वभाव आजारातही जागा होता, तो त्यांनी कामाला लावला. पुढे जे लिहिते आहे ते हेच, पण पायऱ्या पाडून. नैराश्य किंवा चिंतेच्या आजारावर ज्यांचे उपचार नुकतेच सुरू झालेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी. आमच्याकडे पेशंट आणि केअरटेकर हे शब्द टाळून 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' म्हणतात. सुरुवातीला ते जरा नाटकी वाटतात, पण सवय होते.

पहिली पायरी: आधी डॉक्टर

ही पायरी गाळून पुढचं वाचू नका. सलग दोन आठवडे मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. थायरॉइड किंवा बी-12 ची कमतरताही नैराश्यासारखी दिसू शकते, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, ते टाळू नका. गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला त्याहून जास्त. आणि बरं वाटायला लागल्यावरही त्या निदान सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात. "आता बरी आहे, कशाला गोळी" म्हणत मनानेच बंद करणारे आमच्याकडे चार-सहा महिन्यांनी परत येतात. स्वभावाच्या जोरावर गोळी सुटत नसते. गोळी नियमित घ्यायला मात्र स्वभाव फार उपयोगी पडतो.

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागही असतो. तिथे नुसतं दाखवायला गेलं म्हणजे आत ठेवून घेत नाहीत, ही भीती काढून टाका. 14416 हा 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर 2022 पासून तो सुरू आहे. मरणाचे विचार येत असतील तर हा लेख बाजूला ठेवा. आधी तो नंबर लावा आणि घरात जे कुणी असेल त्याला शेजारी बसवून घ्या.

दुसरी पायरी: स्वतःला विचारू नका

"तुमच्यातले पाच चांगले गुण लिहा." असा कागद नैराश्यातल्या माणसापुढे ठेवणं म्हणजे उपाशी माणसाला पाककृती वाचायला देणं. कागद कोराच राहतो आणि त्या कोरेपणाचंही दुःख होतं. यात तुमचा दोष नाही. 1986 साली मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट या इंग्लंडमधल्या संशोधकांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या लोकांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा नेमका प्रसंग आठवायला सांगितला. त्यांना तो आठवेना. "लहानपणी मजा यायची" असं ढोबळ काहीतरी येई, पण कुठला दिवस, कुठली मजा, ते धूसर. पुढे नैराश्याच्या रुग्णांतही हेच दिसत गेलं. तेव्हा सध्या तुमची आठवण हा भरवशाचा साक्षीदार नाही. दुसरे साक्षीदार बोलवा.

पहिला साक्षीदार म्हणजे माणसं. तीन-चार जण निवडा: एक घरातला, एक कामावरचा, एक जुना मित्र किंवा मैत्रीण, जमलं तर एखादी आत्या-मावशी. "माझ्यात चांगलं काय?" असं विचारू नका, लोक गोड-गोड बोलतात. विचारायचं असं: "अडचणीत तुम्ही मला कुठल्या कामासाठी फोन कराल?" उत्तरं थक्क करतात. गटातल्या एका रिक्षावाल्या दादांना तिघांनीही एकच सांगितलं, की कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर तुलाच फोन करू, तू घाबरत नाहीस. (इथली उदाहरणं खरी आहेत, फक्त ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दादा स्वतःला भित्रा समजत होते, कारण त्यांना रात्री धडधड व्हायची.

दुसरा साक्षीदार म्हणजे वस्तू. कपाट, जुन्या वह्या, मोबाइलमधले फोटो. आजारापूर्वीच्या वर्षाचे फोटो चाळा आणि आपण कशाकशाचे फोटो काढत होतो ते बघा. माणसांचे, की झाडांचे, की दुरुस्त केलेल्या मिक्सरचे?

तिसरा साक्षीदार माझा सगळ्यात आवडता आहे. लहानपणापासून ऐकलेली बोलणी लिहून काढा. परदेशी प्रश्नावल्यांतली गुणांची नावं आपल्याला परक्याच्या कपड्यासारखी वाटतात. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2004 साली 24 गुणांची यादी केली. ती चांगली आहे आणि इंटरनेटवर तिची चाचणी फुकट देता येते. पण आपल्या घरांत कुणी मुलाला "तुझ्यात चिकाटी हा गुण आहे" असं म्हणत नाही. म्हणतात, "मेला हट्टी आहे." जिज्ञासू मुलीला 'भोचक' म्हणतात. जो उघडून बघितल्याशिवाय काही सोडत नाही, तो 'उचापत्या'. कमी बोलून नीट ऐकणारा 'घुम्या'. जपून खर्च करणारा 'चिकट'. सावकाश पण चोख काम करणारा 'चेंगट'. दुसऱ्याचं दुःख पटकन कळणारी 'रडूबाई'. मोठ्यांपुढे खरं बोलणारी 'आगाऊ'. आपली गुणांची यादी आपल्याला शिव्यांच्या रूपात आधीच मिळालेली असते, ती फक्त उलटी करून वाचावी लागते. मला 'किटकिटी' म्हणायचे. माझं उपचाराचं पहिलं वर्ष त्या किटकिटीवर निभावलं.

तिन्ही साक्षीदारांच्या बोलण्यात जे दोन-तीन गुण पुन्हा पुन्हा येतात, ते घ्या. दहा नकोत.

तिसरी पायरी: स्वभावाची वही, दोन आठवडे

गुण म्हणजे तुम्ही काय चांगलं करता. स्वभाव वेगळा: तुमचं यंत्र कुठल्या तेलावर चालतं, ती गोष्ट. एकाच गुणाची दोन माणसं स्वभावाने उलटी असतात. दोघी प्रेमळ, पण एक दहा जणींत बसली की फुलते आणि दुसरी त्याच दहा जणींतून आल्यावर डोकं धरून पडते.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर जोडप्याने 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मुलाचा स्वभाव अमुक म्हणून तो बिघडतो असं त्यांना दिसलं नाही. स्वभाव आणि भोवतालच्या मागण्या यांची सांगड बसली नाही की त्रास सुरू होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठ्यांनाही हे लागू पडतं. बरं होण्याचा कार्यक्रम तयार कपड्यांच्या दुकानातून आणला तर कुठेतरी काचणारच. तो मापाने शिवायचा, आणि माप घ्यायला ही वही.

रोज रात्री फक्त चार ओळी. आज कुठल्या वेळी जरा हलकं वाटलं? तेव्हा मी एकटी होते की कुणाबरोबर? हात काही करत होते की नुसती बसले होते? गोंगाट होता की शांतता? बस्स. नैराश्यात "आज काहीच बरं नव्हतं" असं वाटतं, म्हणून 'बरं' हा शब्द वापरू नका. 'कमी वाईट' म्हणा. चोवीस तासांत थोडा कमी वाईट असा एखादा तास सापडतोच. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर स्वतःलाच व्हॉइस मेसेज पाठवा.

चौदा दिवसांनी वही बघितली की नक्षी दिसते. एका निवृत्त शिक्षकांना वाटत होतं की त्यांना माणसं हवीत, म्हणून मुलगा त्यांना रोज बागेतल्या हास्यक्लबात सोडायचा. वहीत निघालं असं की त्यांचे सगळे 'कमी वाईट' तास संध्याकाळी पाच ते सातमधले होते, आणि तेव्हा ते गच्चीवर कुंड्यांशी असायचे. शेजारचा एक पोरगा तिथे पतंग उडवायला यायचा. त्यांना माणूस हवं होतं, पण एकच, बाजूला, आपापल्या कामात असलेलं. हास्यक्लब बंद केला. त्यांना रडू येत असताना वीस जणांत हात वर करून हसावं लागायचं, आणि ते त्यांनी दोन महिने मुलाचं मन राखायला केलं होतं!

चौथी पायरी: शेर, अच्छेर, पावशेर

आता जोडणी. यामागचं तत्त्व सोपं आहे, पण पचायला अवघड: आधी मन लागेल आणि मग काम करू, असं होत नाही. आधी हात हलतात, मन मागाहून येतं. नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली वॉशिंग्टन विद्यापीठात नैराश्याच्या रुग्णांवर हे तपासलं. विचार बदलायला शिकवणारी पूर्ण उपचारपद्धती एकीकडे आणि तिच्यातला फक्त 'ठरवून कृती करण्याचा' भाग दुसरीकडे. नुसत्या कृतीवाल्यांनाही तितकाच फायदा झाला.

पण कुठली कृती? इथे गुण आणि वही दोन्ही लागतात. सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या एका प्रयोगात लोकांना आपले ठळक गुण आठवडाभर रोज नव्या रीतीने वापरायला सांगितले होते. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही टिकलेला दिसला. ज्यांनी गुण फक्त ओळखले आणि वापरले नाहीत, त्यांचं बरं वाटणं मात्र लवकरच ओसरलं. ते लोक संकेतस्थळावर स्वतःहून आलेले होते, दवाखान्यातले नव्हते, त्यामुळे याला रामबाण समजू नका. तरी एवढं घ्या: चाचणीचा निकाल फ्रेम करून लावण्यात अर्थ नाही.

एक कृती निवडा. एकच. आणि तिची तीन मापं ठरवा. जुन्या दुकानांत शेर, अच्छेर, पावशेर असायचे, तशी. बऱ्या दिवशी शेर, मध्यम दिवशी अच्छेर, आणि ज्या दिवशी डोळे उघडवत नाहीत त्या दिवशी पावशेर. पावशेर इतकं छोटं हवं की त्याची लाज वाटावी.

माझ्या चालण्याची मापं अशी होती. शेर म्हणजे मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं. अच्छेर म्हणजे पिठाच्या गिरणीपर्यंत. पावशेर म्हणजे चपला घालून दारात उभं राहायचं, बाहेर पडायची सक्ती नाही. फेब्रुवारीत मी अकरा दिवस नुसती चपला घालून दारात उभी राहिले. कालनिर्णयवर ते अकराही दिवस मांडलेत, पूर्ण मार्कांनी.

दुसऱ्यांची मापं वेगळी निघतात. उचापत्या स्वभावाच्या एका पोराला, वय चोवीस, इंजिनिअरिंग सुटलेलं, शेर म्हणजे बिघडलेला पंखा खोलून दुरुस्त करणं, अच्छेर म्हणजे नुसता खोलणं, पावशेर म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरची पेटी उघडून लावून ठेवणं. ज्यांना लोकांचं करायला आवडतं त्या वहिनी जिन्यातल्या आजींना भाजी निवडून द्यायच्या. वाईट दिवशी एक जुडी कोथिंबीर. त्याहून वाईट दिवशी "आज्जी, जेवलात का?" एवढंच. भजनात रमणाऱ्या एका काकांचं पावशेर म्हणजे पेटीवरचं कापड काढून सा धरणं.

तुमचं निवडताना दोनच कसोट्या लावा. हे माझ्या दोन-तीन गुणांपैकी एकाला धरून आहे का? आणि वहीतल्या 'कमी वाईट' वेळेत, तशाच जागी, तितक्याच माणसांत बसतं का? दुसरी कसोटी लोक विसरतात. संध्याकाळच्या माणसाला सकाळचं योगासन देतात आणि मग योगासनाला नावं ठेवतात.

चुकलं तर? चुकणारच. एक दिवस चुकला तर सोडून द्या. दोन दिवस सलग चुकवायचे नाहीत, एवढा एकच नियम आम्ही पाळतो, आणि दुसऱ्या दिवशी पावशेरही चालतं.

पाचवी पायरी: गुण उलटतो तेव्हा

ज्या गुणावर भार टाकाल तोच एखाद्या दिवशी गळ्याशी येतो. यावर कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून लिहिते.

काटेकोर माणसाचा हिशेब त्याच्यावरच उलटतो. मला सहाव्या महिन्यात कॅलेंडरवरचा एक रिकामा चौकोन बघून दिवसभर रडू आलं होतं. टिंब हे साधन होतं, त्याची मी परीक्षा करून टाकली. तेव्हापासून महिन्यातला एक चौकोन मी मुद्दाम कोरा ठेवते. अजूनही बोटं शिवशिवतात.

जिज्ञासू माणूस आजाराबद्दल वाचायला लागतो. आधी ते चांगलंच असतं, कारण कळल्याने भीती कमी होते. मग रात्री दोन वाजता गोळीचे दुष्परिणाम शोधत बसतो. वाचण्याची वेळ ठरवा, दिवसाउजेडीची, आणि प्रश्न वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या.

प्रेमळ, मन राखणाऱ्या माणसाचा धोका सगळ्यात लपलेला. तो डॉक्टरांचंही मन राखतो! "कसं वाटतंय?" "बरंय डॉक्टर." डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून. अशांनी चिठ्ठी लिहून न्यावी आणि ती वाचून न दाखवता सरळ हातात द्यावी. विनोदी माणसाचंही तसंच. गटात सगळ्यांना हसवणारा एक जण किती खचलाय ते आम्हालाच उशिरा कळलं. आता त्याच्याशी आमचा ठराव आहे: आधी झोप किती तास झाली ते सांग, मग विनोद.

एकटं राहून ताजंतवानं होणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मी एकटा बसलोय की लपलोय? एकटं बसून उठल्यावर जरा भूक लागते, काहीतरी करावंसं वाटतं. लपून उठल्यावर फोनवरचे मिस्ड कॉल बघवत नाहीत.

श्रद्धाळू लोकांना नामस्मरण, वारी, पारायण यांचा मोठा आधार असतो. तो मी स्वतः पाहिला आहे आणि कुणी त्याची टिंगल केली तर मला राग येतो. पण बरं वाटत नाही म्हणजे आपलीच भक्ती कमी पडली, हा विचार आला की समजा गुण उलटला. माळ आणि गोळी एकाच डबीत राहू शकतात.

हा मी, की हा आजार?

ज्यांना बायपोलर म्हणजे द्विध्रुवी आजार आहे, किंवा भास-संशयाचा त्रास होऊन गेलाय, त्यांनी वरचं सगळं डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवून मगच करावं. कारण तिथे आजार गुणाचं सोंग घेतो. उत्साह, कल्पनाशक्ती, दानशूरपणा, धडाडी, हे सगळं उन्मादाच्या, म्हणजे या आजारातल्या अति-उत्साहाच्या टप्प्याच्या, सुरुवातीला फार लोभस दिसतं. घरचेही खूश होतात: "बघा, किती सुधारला!" एक साधी खूण लक्षात ठेवा: झोप. दोन-तीन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप होऊनही थकवा नसेल, उलट अंगात वारं शिरल्यासारखं वाटत असेल, तर त्याला गुण म्हणू नका, डॉक्टरांना फोन करा. अशांसाठी सगळ्यात मोठी ताकद म्हणजे ठरलेल्या वेळी उठणं, जेवणं, झोपणं. ज्याच्या स्वभावात ठरीवपणा नाही त्याने तो घरातल्या एखाद्या ठरीव माणसाकडून उसना घ्यावा.

शुभंकरांसाठी थोडं: क्रियापद सांभाळा

"तू किती हुशार होतास रे." "ही अशी हसतमुख होती, काय सांगू!" घरचे हे मायेने बोलतात. पण ऐकणाऱ्याला ते श्रद्धांजलीच्या सभेतल्या भाषणासारखं लागतं. गुणांबद्दल बोलताना 'होतास' टाळा, 'आहेस' म्हणा, आणि आत्ताचं काहीतरी बोट दाखवून सांगा. माझ्या सासूबाई शिकलेल्या नव्हत्या, त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. एक दिवस दूधवाला बिल घेऊन आला तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, "थांब बाबा, आमच्या सूनबाईंना विचार. हिशेब त्यांच्याकडे असतो." असतो. मी उठून कॅलेंडर घेऊन दारात गेले. दोन खाडे त्याने कमी धरले होते.

दुसरं म्हणजे सगळंच काम काढून घेऊ नका. "तू आराम कर" हे पहिल्या काही आठवड्यांत ठीक, नंतर ते माणसाला बिनकामाचा ठरवतं. न्यूयॉर्कमध्ये 1948 पासून मानसिक आजार असलेल्यांसाठी 'फाउंटन हाउस' नावाची जागा आहे. तिथे येणाऱ्यांना रुग्ण न म्हणता सभासद म्हणतात, आणि स्वयंपाकघर, कार्यालय यांतलं काम सभासद आणि कर्मचारी बरोबरीने करतात. कॅन्सस विद्यापीठात चार्ल्स रॅप आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात मानसिक आजार असलेल्यांना मदत करण्याची जी पद्धत बांधली, तिचा रोखही असाच: माणसाला काय येत नाही याची यादी नंतर, काय येतं आणि काय हवंय ते आधी. आपल्याकडे ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) 1990 पासून आणि पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन 1997 पासून शुभार्थी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी काम करतात. जवळ असाल तर जाऊन बघा. पण त्यासाठी संस्थाच लागते असं नाही. घरातलं एक काम, खरं, ज्याच्यावाचून अडतं असं, शुभार्थीच्या नावावर राहू द्या. लसूण सोलणं चालेल. मात्र तो लसूण त्या दिवशी फोडणीत पडला पाहिजे.

सहावी पायरी: एक कागद

जरा बरे असाल त्या दिवशी हे लिहून ठेवा, एका पानात मावेल इतकंच. वर डॉक्टरांचा नंबर, 14416, आणि रात्री-अपरात्री ज्याला उठवता येईल अशा एका माणसाचा नंबर. मग चालू गोळ्यांची नावं. मग तुमचे दोन-तीन गुण, घरच्या भाषेत. मग एका कृतीची तीन मापं.

सगळ्यात महत्त्वाचा भाग खाली येतो: माझं बिनसायला लागलं की सगळ्यात आधी काय दिसतं. ते प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे वेगळं असतं. बडबडी माणसं गप्प होतात, हे कुणालाही कळतं. पण अबोल माणूस अचानक सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' पाठवायला लागला तर? आमच्या गटातल्या एकीची खूण म्हणजे ती चहात साखर घालायला विसरते. एकाची खूण, तो दाढी दिवसातून दोनदा करतो. माझी खूण अर्थातच दुधाचा चौकोन. ही यादी एकट्याने करू नका. आपल्या आधी ती घरच्यांच्या लक्षात आलेली असते.

ज्यांना पूर्वी दवाखान्यात ठेवावं लागलंय त्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार, पुढे कधी आपली निर्णय घेण्याची स्थिती राहिली नाही तर कुठले उपचार चालतील आणि कुठले नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. आपल्या वतीने बोलणारा माणूसही नेमता येतो. त्याची रीतसर पद्धत आहे, ती डॉक्टरांना किंवा तुमच्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

कागदाच्या दोन झेरॉक्स काढा. एक शुभंकराकडे, एक तुमच्या पाकिटात किंवा गोळ्यांच्या डब्यात. मूळ प्रत घरात जिथे रोज नजर जाते तिथे लावा. पाहुण्यांची लाज वाटत असेल तर कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने. तीन महिन्यांनी तो काढून वाचा आणि मापं बदला, कारण तोवर पावशेर बहुधा फारच सोपं वाटायला लागलेलं असतं. माझ्या कागदाची आता नववी आवृत्ती चालू आहे, आणि चपला घालून दारात उभं राहणं मी अजून त्यातून काढलेलं नाही.